नटावरची लाल रेघ

२ फेब्रुवारी

सायकलची बॅटरी पडली! पुरती खाली नाही, वायरला लटकली. टाकीच्या उतारावर गतिरोधक आला, खडाक् झालं आणि ते धूड पोटरीवर आदळलं. ब्रेक वेळेवर लागले म्हणून वाचले. पोटरी काळीनिळी झालीय.

मागच्या कॅरियरवरची नमुन्यांची पेटी मात्र जागची हलली नाही. सकाळी घरोघरी जाऊन काढलेलं लोकांचं रक्त. सांडलं असतं तर कुणाला काय तोंड दाखवलं असतं? सायकल लोटत लोटत लॅबला पोचले. मॅडम घड्याळाकडे बघून म्हणाल्या, परत असा उशीर झाला तर टेकडीवरची घरं दुसऱ्या मुलीला देऊ. टेकडीवरची घरं गेली तर माझ्याकडे उरतं काय? आणि गुडघ्याच्या जिवावर ती चढण आता होत नाही. म्हणून तर आम्ही बापलेकीने जुन्या सायकलला घरीच मोटर बसवली.

अप्पांना दाखवली. बॅटरी धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी खालचा आटे खाऊन निघालेला, वरचा पार गायब. 'वरचा मीच आवळला होता ना?' त्यांनी विचारलं. म्हटलं, तुम्हीच की, काल संध्याकाळी. रिकाम्या भोकावर अंगठा ठेवून बराच वेळ बसले. कारखान्यात यंत्रं बसवण्यात हयात गेली त्यांची. स्क्रू निसटला हे जिव्हारी लागलं असणार.

४ फेब्रुवारी

सुट्टी. दिवसभर व्हरांड्यात दोघं सायकलला चिकटून. नवऱ्याची रात्रपाळी, तो आत झोपलेला. उठून आला तर म्हणे, बापलेकीचा कारखाना जोरात चाललाय, कामगारांना चहा कोण देणार? त्यालाच करायला लावला.

मी दोन स्क्रूंवर विसंबले होते, तीच चूक. ती भोकं पाण्याच्या बाटलीसाठी असतात. अप्पा म्हणाले, ही काय बाटली आहे? मग ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापली. फ्रेमच्या त्रिकोणात तिरक्या नळीवर ती ठेवली, खाली जुन्या ट्यूबचा रबर, दोन्ही टोकांना नळीला वेढून क्लँप. बॅटरी त्या पट्टीवर, वरून एक रुंद पट्टा. कॅरियर नमुन्यांच्या पेटीला लागतं, तेव्हा बॅटरी मध्येच बसायला हवी. वजनही मध्ये आणि खाली राहतं, सायकल डुलत नाही. वायर जिथे पट्टीच्या कडेला घासत होती तिथे अप्पांनी रबरी नळीचा तुकडा चढवला. मला सुचलंच नसतं.

सगळं आवळून झाल्यावर म्हणाले, तुझी नेलपॉलिश आण. मला हसूच आलं. मावसबहिणीच्या लग्नात घेतलेली ती भडक लाल बाटली होती, परत कधी लावायचा धीर झाला नाही. अप्पांनी प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत बारीक रेघ मारली. रेघ सलग असेल तर नट जागेवर, तुटली तर नट फिरला. कारखान्यात रंगाने अशीच खूण करत, म्हणे.

'रोज सकाळी बघायची आणि मला सांगायचं. स्वतः पाना लावायचा नाही.' हे दोनदा सांगितलं. बरं, साहेब!

५ फेब्रुवारी

रेघ सलग. टेकडी चढले, उतरले, बॅटरीचा आवाज नाही. दूध उतू गेलं अप्पांच्या हातून, पण आज मला कशाचंच काही वाटलं नाही.

७ फेब्रुवारी

दोन नटांवरच्या रेघा तुटल्या! अप्पांना सांगितलं. मला वाटलं तणतणतील. नुसतं 'बरं' म्हणाले. साधे नट काढून नायलॉकचे लावले. त्यात आत नायलॉनचं कडं असतं, ते आट्यांना घट्ट धरून ठेवतं, गचक्यांनी सुटत नाही. पुन्हा रेघा.

९ फेब्रुवारी

पुन्हा तुटल्या. नायलॉक असून! नवरा म्हणाला, नटालाही तुमच्या माहेरचं वळण लागलंय, एका जागी स्वस्थ बसवत नाही. सकाळी सहाला ही चेष्टा ऐकायची माझी तयारी नव्हती.

लॅबला जाताना पूर्ण उतार हळूहळू, एक हात बॅटरीवर ठेवून उतरले. दोनदा थांबून नट चाचपले. घट्ट होते. मग रेघ का तुटते? फ्रेम थरथरते म्हणून? रबर दबतोय? उद्या दुहेरी रबर घालून बघते.

११ फेब्रुवारी

दुहेरी रबर घातला. तरी तेच.

आज अप्पांवर चिडले. म्हटलं, तुमचे नट, तुमच्या रेघा, आणि जीव माझा टांगणीला. ते म्हणाले, 'चूक माझीच असेल.' लहानपणापासून या माणसाच्या तोंडून चूक हा शब्द मी ऐकला नव्हता. मलाच कसंतरी झालं. मग त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेले तर ओट्यावर त्यांनी केलेला चहा झाकून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक पातेलं, त्यातही चहा. म्हटलं, अप्पा, पंगत बसवताय का? हसले नाहीत.

१४ फेब्रुवारी

काल अंगात कणकण होती, रजा काढली. सायकल दिवसभर व्हरांड्यातच उभी होती. चाक फिरलं नाही.

आज सकाळी बघितलं. चारही रेघा तुटलेल्या.

मी तिथेच पायरीवर बसले. गतिरोधक नाही, उतार नाही, थरथर नाही. नवऱ्याला विचारलं, तू हात लावलास का? तो शपथेवर नाही म्हणाला. लिहायचं नाही म्हणते, तरी लिहिते — घरात पाना चालवता येणारा माणूस एकच आहे.

१५ फेब्रुवारी

दुपारी मुद्दाम लवकर आले. अप्पा व्हरांड्यात पाट टाकून बसले होते. एकेक नट सोडत होते, फडक्याने पुसत होते, पुन्हा लावून आवळत होते. हात इतके सराईत! बघत राहावं असे. शीळही घालत होते.

मला बघून म्हणाले, 'आलीस? आज बसवूनच टाकू ही बॅटरी. उद्यापासून जायचंय ना तुला हिच्यावर?'

मी हो म्हटलं. शेजारी बसून वॉशर हातात देत राहिले. मग आत जाऊन मोरीत नळ सोडून रडले.

१६ फेब्रुवारी

पाना धान्याच्या डब्यामागे लपवला. अप्पांनी सगळं घर पालथं घातलं. कपाटं, माळा, माझी पर्ससुद्धा. शेवटी अंगणात उभे राहून हात चोळत राहिले. बघवेना. 'हा बघा, सापडला' असं म्हणून काढून दिला.

नवऱ्याला सांगितलं. त्याने चेष्टा केली नाही. म्हणाला, डॉक्टरांकडे नेऊ, पण आधी तुझे नट मी बघत जाईन. रात्रपाळीवरून आला की तोच तपासणार. सारखी काढघाल करून नायलॉक ढिले होतात, म्हणून नवे नट आणून ठेवलेत. अप्पांनी आवळलेलं आम्ही परत आवळायचं, आणि वर रेघ मारायची. सायकलीचा प्रश्न सुटला. मॅडमही आज काही बोलल्या नाहीत, वेळेत पोचले.

अप्पांनी जेवताना विचारलं, 'रेघ?' म्हटलं, सलग आहे. केवढे खुलले! आमटी मागून घेतली.

१७ फेब्रुवारी

'रेघ?' 'सलग, अप्पा.' हे खोटं चांगलं जमायला लागलंय. संध्याकाळी फिरायला गेले ते शेजारच्या काकांशी गप्पा मारत आले, कितीतरी दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

निघताना अप्पांनी हाक मारली. हातात पाना. त्याच्या जबड्याला लाल टवके चिकटलेले. माझ्यासमोर धरला.

म्हणाले, 'रेघ बॅटरीसाठी मारलीच नव्हती. तो पहिला स्क्रू आवळल्याचं मला आठवत नव्हतं. मी काय करतो, कधी करतो, ते मला कळावं म्हणून मारली.' मी काही बोलायच्या आत म्हणाले, 'तू दोन दिवस सलग म्हणालीस, तेव्हा वाटलं, बरा होतोय. मग हे टवके कुठून आले?'

मग नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता रेघ तू मार, पण खरं सांग.