खो-खो बंद होता ते तीन महिने

सर,

आज मी खेळ शिकवते त्या शाळेच्या मैदानावर तुमची लय आठवण आली. देवगाव फाट्याहून एक वडील दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आले होते. ती सकाळ-संध्याकाळ फक्त गोलंदाजी करते, आता खांदा दुखतो. "बाकीचे खेळ बंद केलेत मॅडम, एकाच गोष्टीत पुढं जाऊ द्या," ते म्हणाले, आणि मला आमचे बाबा दिसले.

मी सातवीत आहे, सेलूच्या शाळेच्या मैदानावर. वर्षभर दुसरं काही नाही, खो-खोच. खांबावरची झेप माझ्यासारखी कोणाची नाही. जिल्ह्याची स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय आणि तुम्ही मला मध्येच थांबवता.

"गुडघा दुखायलाय का?"

"न्हाई, सर."

"मग लंगडायलीस कशाला?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाबांना आणि मला एसटीनं परभणीला डॉक्टरांकडे नेलंत. वाढत्या वयातलं कोवळं हाड आहे, रोज त्याच त्या उड्यांनी त्यावर ताण येतोय, असं ते म्हणाले. तुम्ही संघातून माझं नाव काढलंत. तीन महिने खो-खो बंद. मी रडले, बाबा चिडले आणि संघ पहिल्याच फेरीत हरला. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सुनावलं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "स्पर्धा पुढल्या वर्षीबी हाय. पोरीला गुडघे दोनच हायेत."

दुखणं बसल्यावर तुम्ही बाबांना सांगितलंत, हिला पोहायला शिकवा. पाठीला रिकामा डबा बांधून बाबा मला विहिरीत सोडतात, मी गटांगळ्या खाते, वर येऊन हसते, आणि कधी नव्हे ते बाबाही खदखदून हसतात. तोवर ते माझा खेळ नुसता बघायचे. त्या तीन महिन्यांत ते माझ्याबरोबर खेळले. पुढच्या वर्षी मी संघात परतले, आणि आज चाळिशी उलटली तरी शाळेतल्या पोरींना हुलकावणी देते.

आजच्या वडिलांना मी म्हटलं, आधी खांदा डॉक्टरांना दाखवा, तोवर गोलंदाजी नको. पोरगी फुगून बसली. मग लंगडीच्या घोळक्यात शिरली, पहिल्याच डावात बाद झाली आणि पोट धरून हसत सुटली. थोड्या वेळानं वडीलही चपला काढून आत उतरले.

तुम्ही तर आता नाहीत, हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. म्हणून कबूल करते. संघ हरला त्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर तुमच्याविरुद्ध एक निनावी चिठ्ठी आली होती. त्यांनी ती तुमच्या हातात दिली, आणि शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून तुम्ही ती सूचनाफलकावर लावलीत. त्या चुका माझ्या होत्या, सर.