पलीकडच्या तीरावर द्यायची काठी

मी, हारमेन डौवे फेल्डकांप, वय एकोणपन्नास, काम लाकूडगिरणीत करवतींना धार लावणे, राहणार टेल्क्वा गावाबाहेर, बल्कली नदीचा पूर्व तीर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणाचे दडपण नाही. शाबूत नाही ती हृदयाची एक झडप. ती पुढच्या आठवड्यात व्हँकूवरला बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, बहुतेक लोक यातून बरे होतात. मी आजवर बहुतेक लोकांसारखाच जगलो आहे, तेव्हा काळजी करत नाही. पण घर आवरून निघावे म्हणून हे लिहितो.

वकीलबाईंनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत. आणि ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. झाल्यास त्याला दिलेली वस्तू रद्द धरतात. दोन्ही मला नीट समजले आहे.

कलम पहिले. आत्म्याची सोय ज्याने तो दिला त्याच्याकडे आहे, त्यात मी लुडबुड करत नाही. देह साध्या पाइनच्या पेटीत चर्चमागे पुरावा. भाषणे नकोत. प्रवचन लांबले तर बाकांवरून पेपरमिंट फिरवावेत, नेहमीप्रमाणे.

कलम दुसरे. घर, जमीन आणि बँकेत असेल ते माझी पत्नी रिन्स्के हिचे. नदीकडे उतरणारी पायवाट तिने पायी येणाऱ्या आणि विचारून जाणाऱ्या कोणालाही बंद करू नये. मुलगी फेना हिला माझ्या वडिलांचे बायबल आणि खिडकीतली आरामखुर्ची.

कलम तिसरे. धार लावण्याच्या कानशी, हातोडे आणि ऐरण माझा भाऊ वीबे याला. तो त्याच गिरणीत आहे आणि ऐरणीला सांभाळेल. माझी होडीही त्यालाच. ती त्याने एकदा नेली आणि तळाला भोक पाडून आणली. मी विचारले, "हे काय?" तर म्हणाला, "दगड सरकला होता."

"दगड कुठे सरकतो, वीबे?"

"वसंतात सगळंच सरकतं."

भोक त्याचे आहे, तेव्हा भोकासकट होडी त्याची. मासेमारीची काठी मात्र त्याला एकही देऊ नये. त्याने माझ्या दोन काठ्यांची टोके गाडीच्या दारात मोडली आहेत, आणि दोन्ही वेळा दाराला शिव्या दिल्या. भाऊ म्हणून तो मला प्रिय आहे.

कलम चौथे. हे लांबेल.

माझ्या घरासमोर नदी एका लांब, सरळ धारेत वाहते. उन्हाळा सरत आला की समुद्रातून वर चढणारे स्टीलहेड मासे तिथल्या मोठ्या दगडांच्या आडोशाला थांबतात. या तीरावर मी उभा राहतो आणि समोरच्या तीरावर तोर्लेफ ब्रेविक. ते आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. पूल बराच खाली आहे, त्यामुळे आमची ओळख ओरडून झाली. मी पहिल्यांदा दोन हातांनी धरायची काठी घेऊन पाण्यात उतरलो तेव्हा समोरून आवाज आला, "ओ पाद्रीबुवा, नदी झाडायला आलात का?"

मी पाद्री नाही. पण आमच्या चर्चचे लोक रविवारी गळ टाकत नाहीत हे खोऱ्यात सर्वांना ठाऊक आहे, तेवढे त्यांना पुरले.

"मग काय करू?" मी विचारले.

"खालच्या हातानं ओढ. वरचा हात नुसता टेकव. तू दोन्ही हातांनी भांडतोयस."

त्यानंतर त्यांनी स्वतः एकदा दोर टाकला. तो पाण्यावरून उठला, त्यांच्या खांद्यामागे गोल फिरला आणि नदीच्या मध्यावर असा उलगडत गेला की पाण्याला तो टेकल्याचे कळले नसावे. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर कोणी लगेच बोलत नाही, तसे. त्यांना देव मान्य नाही, पण त्यांच्या हाताकडे पाहून मला तो अनेकदा आठवला आहे.

वकीलबाईंना हा प्रकार माहीत नाही म्हणून लिहितो. गळाला पिसे आणि केस बांधून केलेली माशी वजनाने इतकी हलकी असते की ती फेकता येत नाही. फेकायचा तो जाड दोर. माशी त्याच्यामागून जाते. दोराच्या टोकाला आणि माशीला जोडणारा पारदर्शक, निमुळता धागा म्हणजे लीडर. काठी, दोर आणि लीडर यांचे पटले तर म्हातारा माणूसही नदी ओलांडून माशी पोचवतो. नाही पटले तर पैलवानही स्वतःच्या टोपीत गळ अडकवून घेतो.

या सप्टेंबरात समोरचा तीर रिकामा राहिला. मी पुलावरून फिरून त्यांच्याकडे गेलो. त्यांची पंधरा फुटी, दहा नंबरची जड काठी कोठारात खुंट्यांवर होती आणि तिच्यावर धूळ होती. ते कॉफी ओतत होते, डाव्या हाताने. त्यांचा डावा हात किटलीचा नाही.

"खांदा?" मी विचारले.

"हवामान."

"खांद्याचं हवामान?"

"पाद्रीबुवा, कॉफी प्या आणि गप्प बसा."

मी हलक्या काठीचा विषय काढला. ते म्हणाले, "ती बायकांची छडी मी हातात धरणार नाही. नदी कुठे पळून चालली आहे? बरं वाटलं की जाईन." मग खिडकीबाहेर पाहिले. तिथून नदी दिसत नाही.

म्हणून माझी साडेबारा फुटी, सात नंबरची काठी, रीळ आणि दोर यांसह, मी तोर्लेफ ब्रेविक यांना देतो. जिवंत माणसाने दिलेली वस्तू ते परत करतात, एकदा त्यांनी माझ्या बायकोचा केकसुद्धा परत केला होता; मेलेल्याला परत कसे करणार? ही काठी का निवडली तेही लिहितो, म्हणजे त्यांना वाद घालायला पुढे कोणी नसले तरी मुद्दे हाताशी असतील.

ती आखूड आणि हलकी आहे, पण ताठ नाही, मुठीपर्यंत वाकते. ताठ काठीला वेग हाताने द्यावा लागतो, नरम काठी तो स्वतः देते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. हे मला त्यांनीच शिकवले. दुकानात लोक काठी हवेत झटकून पाहतात आणि ताठ असेल ती घेतात; ते म्हणत, "दुकानात मासे नसतात." तिचा दोर आखूड आणि पुढे जड आहे. त्यामुळे मोठा फेरा घ्यावा लागत नाही, कोपर बरगडीला टेकलेले राहिले तरी चालते. रीळ मुद्दाम जड ठेवले आहे. हलके घ्यायचा मोह होतो, पण मग काठीचे टोक खाली झुकते आणि दिवसभर ते खांद्याने उचलून धरावे लागते. जड रीळ असले की काठी वरच्या हातावर तराजूसारखी तोलून राहते आणि खांद्याला काम उरत नाही.

कलम पाचवे, लीडरविषयी, कारण आमचा खरा वाद तो आहे. दोर तरंगता असेल तर काठीएवढा लांब, निमुळता लीडर. दोराचे टोक बुडणारे असेल तर हातभर धागा पुरे, नाहीतर टोक खाली जाते आणि माशी वरच तरंगते. इथवर आमचे एकमत आहे. पण तोर्लेफ शेवटचा धागा आठ पौंडांचा, म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारा, बांधतात.

"माशाला संधी नको का?" ते ओरडतात.

"बारीक धाग्यावर तो तासभर दमतो. सोडल्यावर पोट वर करून वाहत जातो. ती संधी?"

"माझे मासे पोहत जातात."

"तुमचे मासे गळासकट तुटून जातात."

मी बारा पौंडांखाली जात नाही. इथल्या नियमाने आपल्याला प्रत्येक मासा परत सोडायचाच आहे, तर तो लवकर यावा आणि ताकद शिल्लक असताना जावा. त्यांच्या हाताला इतका हळुवारपणा आहे की आठ पौंडांवरही मी त्यांना मोठे मासे आणताना पाहिले आहे. हे मी ओरडून कधी कबूल केले नाही, लिहून करतो. तरीही बारा.

कलम सहावे. रविवारी चर्चमधून परतताना रस्त्याच्या वळणावर समोरचा तीर दिसतो. इतक्या वर्षांत रविवारी त्यांची गाडी तिथे मी पाहिली नाही. एकदा विचारले तर म्हणाले, "तू नसलास की मासे कंटाळतात." ते देव मानत नाहीत आणि माझा रविवार पाळतात. पेपरमिंटच्या डबीतल्या माझ्या सर्व माश्या त्यांच्या.

इथवर सकाळी लिहून झाले. साक्षीदार म्हणून ऑर्गन वाजवणाऱ्या कोर्नेलिया दाइकहुइस आणि शाळामास्तर येणार होते. मास्तरांची गाय अडली. रिन्स्के कॉफी ठेवता ठेवता कागद वाचून आत गेली आणि तिने फोन केला. थोड्या वेळाने अंगणात ब्रेविकांची गाडी थांबली.

"ते नकोत," मी रिन्स्केला म्हणालो. "वकीलबाई काय म्हणाल्या होत्या?"

"मला ठाऊक आहे त्या काय म्हणाल्या," ती म्हणाली. "साखर दे."

साक्षीदाराने वाचायचे नसते, फक्त सही पाहायची असते. मी तसे सांगितले. तोर्लेफ खिशातून चष्मा काढत म्हणाले, "न वाचता सही मी एकदाच केली, लग्नात." मग त्यांनी चष्मा लावला आणि सर्व वाचले. कोर्नेलियाबाईंनी दोन बिस्किटे संपवली.

"याला बायकांची छडी म्हणतात," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही म्हणता."

"आणि मी साक्षीला सही केली की ही मला मिळत नाही."

"नाही मिळत."

"पेन दे."

साक्षीची सही माझ्या सहीनंतर करायची असते, असे कोर्नेलियाबाईंनी त्यांना सांगितले. तेव्हा ते उठले, दारामागून काठी घेतली, वरचा हात टेकवून तोलून पाहिली आणि तशीच धरून उभे राहिले. "अजून बर्फ पडायला वेळ आहे. मेल्यावर देतोस ती घेणार नाही. आत्ता उसनी नेतो. लीडर बांधून दे, मला गाठ दिसत नाही. दहाचा."

"बारा."

"अकराचा मिळत नाही?"

"नाही."

"मग बांध बारा."

म्हणून कलम सातवे आणि शेवटचे. तोर्लेफ ब्रेविक साक्षीदार होत असल्याने चौथ्या आणि सहाव्या कलमाने त्यांना दिलेले सर्व रद्द होईल, हे मला मान्य आहे. ती कलमे मी खोडत नाही, कारण त्यांतले म्हणणे खरे आहे आणि ते माझ्यासमोर वाचले गेले आहे. काठी माझीच असून आजपासून उसनी दिलेली आहे. ती मी पुढच्या सप्टेंबरात पुलावरून जाऊन स्वतः परत आणायची, असे ठरले. मी जाऊ शकलो नाही तर काय, हे मी विचारले. ते म्हणाले, "तो मुद्दा या कागदात नाही."

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदार समोर असताना खाली सही केली.

हारमेन डौवे फेल्डकांप

साक्षीदार:
कोर्नेलिया दाइकहुइस, टेल्क्वा
तोर्लेफ ब्रेविक, पश्चिम तीर (सर्व वाचून, पाचवे कलम अमान्य)

स्थळ: टेल्क्वा, पूर्व तीर
दिनांक: ९ ऑक्टोबर, शनिवार. उद्या नदीवर कोणी नाही.