ब्रशजवळच्या ठिणग्या

मंगळवार, धुळे

तीन दिवस झाले. दुरुस्तीला आलेली पाइप कारखान्याची डीसी मोटर रिकामी छान फिरते, लोड दिला की आत वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशजवळ ठिणग्या. ब्रश बदलले, तरी ठिणग्याच! आज वैतागून मी नानांवर घसरलो. आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, तांब्याची तार त्यांनी भरलेली. "नाना, तुम्हाला आता दिसत नाही." सगळ्यांसमोर. ज्यांनी हे काम शिकवलं, त्यांना!

"मन्हं वाइंडिंग बरोबर शे. तू तुन्ही जोडणी देख," म्हणाले आणि घरी गेले.

पाहिलं. इंटरपोलच्या, म्हणजे ठिणग्या रोखणाऱ्या छोट्या पोलांच्या, वायरी मीच उलट जोडलेल्या. सरळ केल्या, ठिणगी नाही. आनंद का होत नाही मग?

नानांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. "मोटर चालनी ना? मंग बस," एवढंच बोलले. त्यांच्या दारातून आज पहिल्यांदाच चहाविना परतलो.