चौदावा प्रश्न

मंगळवार, दुपारची सुट्टी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं होतं, पण हात धजेना. तू तीर्थरूप, तर मी कोण, हा प्रश्न लगेच पुढं येतो, आणि प्रश्न विचारायचं काम मी दिवसभर करतेच. इकडे सगळे ठीक आहेत. थोरली नववीत गेली, धाकटीचा पुढचा दात पडला. सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच आहेत आणि गुडघ्यांबद्दलचं बोलणंही आहे तसंच आहे. ह्यांना गोदामात बढती मिळाली; म्हणजे आधी खोकी उचलायचे, आता दुसऱ्यांनी उचललेली खोकी मोजतात. तूही खुशाल असशील, असं लिहायची पद्धत आहे. ती मी पाळणार नाही. तू खुशाल नाहीस, हे मला गेल्या गुरुवारी कचेरीतल्या माझ्या खिडकीतून दिसलं.

पत्र बटणवाल्याच्या दुकानावर पाठवते आहे, कारण अर्जात संपर्काचा पत्ता म्हणून तू तोच दिलास. दुसऱ्यांची पाकिटं फोडून वाचायची त्याला सवय असेल, तर त्यालाही कळू दे.

आधी आमच्या कचेरीचं सांगते, म्हणजे तू काय घोळ घालून ठेवलास ते लक्षात येईल. पूर्वी बेघर माणसाला खोली हवी असली की शाळेतल्या पोरासारखं एकेक इयत्ता चढावी लागायची. आधी निवारा. तिथं सहा महिने शहाण्यासारखा वागला की वसतिगृह. मग व्यसन सोडलं, काम धरलं, वर्गांना हजेरी लावली की खोली. बहुतेक जण पहिलीतच नापास व्हायचे आणि आम्ही त्यांच्या कागदावर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारून मोकळे व्हायचो. मग एक सल्लागार आला. चाकांची बॅग, पांढरे बूट, दर दुसऱ्या वाक्याला ‘माणूस केंद्रस्थानी’. त्यानं तीन दिवस भिंतीवर चित्रं दाखवून सांगितलं की माणसाला आधी किल्ली द्या, बाकीचं नंतर बघू. ज्याला पाठ टेकायला जागा नाही तो सकाळी वर्गाला कुठून येणार. हे कळायला आम्हाला परगावचा माणूस आणावा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्या झाडूवालीनं हेच दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, पण तिच्याकडे चाकांची बॅग नव्हती.

तरी खोटं कशाला बोलू, योजना चालली. जुन्या टेलिफोन कचेरीच्या इमारतीत छत्तीस खोल्या पाडल्या. एक पलंग, एक शेगडी, मोरी आणि एक खिडकी, एवढीच खोली. पण आतली कडी आणि बाहेरचं कुलूप दोन्ही राहणाऱ्याच्या हातात, आणि कुणी तपासायला येत नाही. छत्र्या दुरुस्त करणारी एक म्हातारी अकरा वर्षं पुलाखाली होती. खोली मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस ती पलंगावर झोपलीच नाही, दाराला पाठ लावून जमिनीवर पडायची. आता तीच बाई आठवड्यातून दोनदा येऊन तक्रार करते की वरच्या मजल्यावरचा माणूस खुर्ची फरफटवतो. मी निमूटपणे लिहून घेते. शेजाऱ्याच्या नावानं खडे फोडायला आधी घर लागतं.

यंदा जवळच्या जुन्या इमारतीत आणखी तीस खोल्या तयार झाल्या. खोल्या तीस आणि अर्ज नऊशे. खोल्या कधीच पुरणार नाहीत म्हणून सल्लागारानं तेव्हाच जाता जाता आम्हाला गरजांक देऊन ठेवला होता. बावीस प्रश्न, ज्याची अवस्था जितकी वाईट, त्याला तितके जास्त गुण. हे बाहेर फुटायला आठवडाही लागला नाही. आता लोक लंगडत येतात आणि बस दिसली की धावत सुटतात. एकानं मला सांगितलं की तो सहा दिवस जेवला नाही, आणि त्याच्या मिशीला चटणी होती. असल्या माणसांचं मला काही वाटत नाही. डोक्यात जातात ते दुसरे, जे ताठ बसून प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ म्हणतात आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं करून, आभार मानून उठतात.

म्हणजे तुझ्यासारखे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण, काखेत एक्स-रेचं पाकीट. नाव सांगितलंस ते आडनावासकट, जसं काही मला ठाऊकच नाही. मी आपली कागदावरचे प्रश्न वाचत गेले.

"व्यवसाय?"

"कटर. तयार कपड्यांच्या कारखान्यात होतो. तो बंद पडला. आता सुटी कामं करतो."

"गेले सात दिवस कुठं झोपलात?"

"नातेवाइकांकडे."

"कोणत्या?"

"आहेत पुष्कळ."

"जेवणाचं काय?"

"वेळेवर होतं."

"तब्येतीची तक्रार?"

"काही नाही, मॅडम."

मॅडम म्हणालास. आणि खाली सही करताना तुझा उजवा अंगठा वाकेना, म्हणून दोन बोटांच्या मध्ये पेन धरून सही केलीस. ज्या हातानं एका वेळी चाळीस थर कापड कापलं, त्या हाताला आता पेन धरता येत नाही, आणि म्हणे तक्रार नाही. तुझे पुष्कळ नातेवाईकही मला कळले. मोठ्या हॉस्पिटलच्या बाकावर हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन बसलं की पेशंटचा माणूस समजून वॉचमन उठवत नाही, ही युक्ती तुझ्याआधी वीस जणांनी मला सांगितली आहे. पाकिटावर आईचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. आईला जाऊन तीन वर्षं झाली आणि तू अजून तिच्या छातीचा फोटो दाखवून झोपायला जागा मिळवतोस. हे तू मला सांगू शकला असतास. त्याचे सात गुण होते.

तुझा गरजांक आला नऊ. खोलीला सव्वीस लागतात. नऊ म्हणजे आमच्या भाषेत ‘समाधानकारक’. तुझा कागद मी त्याच ढिगात ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आमच्याकडे नियम आहे की अर्जदार नात्यातला असेल तर खिडकी सोडून उठायचं आणि तसं लेखी कळवायचं. मी उठले नाही. उठले असते तर शेजारच्या खिडकीवरच्या चष्मेवाल्यानं विचारलं असतं की भाऊ आहे तर मग इथं कसा. चष्मेवाल्याला सगळ्यांच्या घरात डोकवायची हौस आहे. पण त्याच्यावर ढकलून उपयोग नाही. मी का उठले नाही ते वेगळंच आहे.

चौदावा प्रश्न. इतका वेळ मी त्याच्या अवतीभवती फिरते आहे, तुलाही कळलं असेल. ‘घरातल्या कुणी घराबाहेर काढलं का?’ त्याला आठ गुण. उत्तर ‘हो’ असेल तर ज्यानं काढलं त्याची सही जोडायची. सल्लागाराच्या सगळ्या थोर विचारांमधला हा सर्वांत थोर. ज्यानं आपल्या माणसाला रस्त्यावर घातलं तो कचेरीत येऊन तसं लिहून देईल, असं ज्याला वाटतं त्याला सख्खं कुणी नसावं. दोन वर्षांत अशी एकही सही आलेली नाही.

मी तो प्रश्न वाचला, पण मान वर केली नाही. तू म्हणालास, "नाही, मॅडम. मी आपण होऊन निघालो. बहिणीनं राहा म्हणून फार आग्रह केला."

मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मी शून्य काढलं, गोल आणि सुबक, आणि दिवसभर बऱ्या मनानं काम केलं. डबासुद्धा सगळा संपवला. घरी गेल्यावर तोंड धुवायला मोरीत गेले, तर फळीवरच्या पेल्यात पाच ब्रश होते. पाचच्या पाच. सासूबाई हाका मारत होत्या तरी मी ते पुन्हा पुन्हा मोजत होते.

तू आमच्याकडे राहत होतास तेव्हा घरमालकाचा माणूस ब्रश मोजून गेला होता ते तुला आठवत असेल. करार पाच माणसांचा, आणि सहावं दिसलं तर जागा सोडायची. तेव्हापासून तू तुझा ब्रश शर्टाच्या खिशात ठेवायला लागलास. मला तेव्हाच तुझा संताप आला होता. माणसानं इतकं सोयीचं असू नये. मग त्या दुपारी तू आमच्या टाकीचा नळ दुरुस्त करायला गच्चीवर गेलास, आणि मी तुझी वळकटी आणि कात्र्यांची पेटी जिन्यात ठेवून आतून कडी लावली. तू दोनदा दार वाजवलंस. मी आत कडीवर हात ठेवून उभी होते. तू म्हणालास, "नळ गळायचा थांबला बघ," आणि उतरून गेलास. ह्यांना आणि मुलींना मी सांगितलं की मामाला परगावी नोकरी लागली.

सासूबाईंना दिरांकडे पाठवता आलं असतं. त्यांचं घर आमच्या दुप्पट आहे. पण त्यांनी चाळ डोक्यावर घेतली असती, आणि तू एक शब्द काढणार नाहीस याची मला खात्री होती. घर लहान होतं, मालक नालायक होता, हे सगळं खरंच आहे. पण बाहेर कुणाला काढायचं हे मी निवडलं, आणि जो भांडणार नाही तो निवडला. तुझ्या चांगुलपणाची मला किळस येते, दादा. तो दर वेळी माझ्या उपयोगी पडतो म्हणून जास्तच येते. चौदा महिने हॉस्पिटलच्या बाकावर काढून तू खिडकीत आलास, आणि आल्यावरही माझीच अब्रू झाकलीस.

काल सकाळी मी आमच्या वरिष्ठ बाईंच्या टेबलावर लेखी निवेदन ठेवलं, की अर्जदार माझा भाऊ आहे आणि त्याला घराबाहेर मीच काढलं; खाली सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सख्खा भाऊ?"

"सख्खा."

"आणि मुलाखत तुम्हीच घेतलीत?"

"मीच घेतली."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला चांगली ओळखीची होती. इतकी वर्षं तीच नजर मी खिडकीपलीकडच्या लोकांवर वापरत आले. खिडकी काढून घेतली आहे. चौकशी होईपर्यंत फायलींच्या खोलीत बसायचं. हे पत्रही तिथंच लिहिते आहे. नोकरी राहील की जाईल ते सांगता येत नाही. घरीही सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. सासूबाई म्हणाल्या, मला विचारलं असतंस तर मी गेले असते दुसरीकडे. हे त्या आता म्हणतात. थोरली कालपासून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता नीट वाच. मी घेतलेली मुलाखत रद्द झाली आहे. यादी शुक्रवारी संध्याकाळी बंद होते. त्याआधी तू दुसऱ्या खिडकीवर जायचंस, म्हणजे चष्मेवाल्याकडे, आणि बावीसच्या बावीस प्रश्नांची खरी उत्तरं द्यायचीस. बाक, अंगठा, जेवण, सगळं. लाज वाटली तर वाटू दे. मी हिशोब करून पाहिला आहे. बाकी सगळं खरं सांगून चौदाव्याला ‘नाही’ म्हणालास तर तेवीस होतात आणि खोली जाते. माझी सही फायलीत लागलेली आहे, पण अर्जदाराच्या उत्तराशिवाय ती धरत नाहीत. म्हणजे पुन्हा मला झाकलंस तर ती सही फुकट गेली आणि तू परत बाकावर.

घरी ये, असं मी लिहिणार नाही. जागा तेवढीच आहे आणि करार अजून पाचाचाच आहे. आणखी एक खोटं कशाला.

चौदाव्याला ‘हो’ म्हण. मग चष्मेवाला विचारील, कुणी काढलं? तेव्हा खाली बघू नकोस, घसा साफ करू नकोस, आणि ‘तिचाही नाइलाज होता’ वगैरे काही जोडू नकोस. खाली लिहिलं आहे तेवढंच त्याला वाचून दाखव.

तुला घराबाहेर काढणारी,
तुझी धाकटी बहीण