तीन की तीस

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पुस्तकं कुरतडणाऱ्या भाचीला शेवटी एक खून सापडला! शंभर वर्षांपूर्वीचा आहे, घाबरू नकोस. ज्या कवीवर मी प्रबंध लिहितेय, त्याला बायकोनेच औषध जास्त पाजून मारलं, असं त्याच्या चरित्रात आहे. चरित्रकार त्याचा जिवलग मित्र आणि डॉक्टरही तोच. तो लिहितो, मी तीन थेंब सांगितले, बाईंनी तीस दिले. काल ग्रंथालयात त्या बाईंची वही मिळाली. आत डॉक्टरची चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर चक्क '३०'! माझे मार्गदर्शक सर म्हणतात, शून्य बाईंनीच वाढवलं. त्यांनी या चरित्राच्या तीन आवृत्त्या संपादित केल्यात, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? तू चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलीस, तूच सांग. गुडघा कसा आहे?

तुझी,
वाळवी

८ जून

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्यासारखाच, कुरकुरतो पण चालतो. लग्नाचं विचारलं की तू महिनाभर गप्प, खून सापडला की लगेच पत्र! असो.

अगं शहाणे, चिठ्ठीची पाठ बघितलीस का? मात्रा जास्त वाटली की आम्ही आधी डॉक्टरांना विचारायचो आणि तसं चिठ्ठीमागे लिहून ठेवायचो. जुने लोकही तेच करत. ग्रंथपालांकडून ती सोडवून घे. नखाने खरवडू नकोस, माझा अल्बम तू तसाच फाडलास. आणि मोठ्या माणसापुढे आवाज चढवावा लागत नाही, हातात कागद असला की पुरे.

वेळेवर जेवत जा, एवढं माझ्यासाठी कर.

मावशी

२५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सापडलं! मागे दुकानदाराच्या अक्षरात आहे, तीन की तीस ते माणूस पाठवून विचारले, डॉक्टर म्हणतात तीसच. खाली सही आणि मृत्यूच्या आदल्या दिवसाची तारीख. डॉक्टरचा हात चुकला की मनात काही होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. पण पुस्तकात 'तीन' लिहिलं, ते जाणूनबुजूनच.

सरांना कागद नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग म्हणाले, तीन आवृत्त्या काढल्या, पण बाईंची वही एकदाही मागवली नाही. चौथीची प्रस्तावना मी लिहायची आहे.

त्या बाईंची नात इथेच राहते, ऐंशीच्या घरात. आपण कुणाची नात, हे सासरी तिने कधी सांगितलंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. मग तिने कपाटाच्या तळातून एक फोटो काढला आणि मला स्टुलावर चढवून पुढच्या खोलीत लावून घेतला. खिळा वाकडा गेला. सुनेने आतून येऊन विचारलं, ही कोण? त्यावर आजीबाई शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, माझी आजी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वाळवी