डोक्यातलं लोखंड

४ मार्च

वर्गात फळ्यापुढे उभी राहिले आणि ‘परिमिती’ हा शब्दच आठवेना! हातात खडू, तोंडाला कुलूप. घरी येऊन ठकीला सांगितलं, तर ही धाकटी बहीण म्हणते काय — “वय झालं गं तुझं.” अडतिसाव्या वर्षी!

पण मला धास्ती निराळीच. जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी कुणाचं तरी रक्त घ्यायचं, आणि त्यातलं लोह अंगात साठत जायचं. यकृतातलं मोजतात, हृदयातलं मोजतात. डोक्यातही गेलं असेल तर?

७ मार्च

रक्त चढत होतं तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारूनच टाकलं. म्हणाल्या, “एमआरआयमध्ये मेंदूतलं लोह कळतं. आमचा अभ्यासच चालू आहे. तुलनेसाठी निरोगी माणसंही हवी आहेत.”

उशाशी बसलेल्या ठकीचा हात वर! शाळेत कधी केला नसेल एवढा उंच.

तिला जन्माला घातलं तेच माझ्यासाठी. हिचा बोन मॅरो थोरलीला जुळेल आणि ती बरी होईल, ही आई-बाबांची आशा. नाही जुळला. ठकी स्वतःच सांगत सुटते — “माल चुकीचा निघाला, पण परत कुणी घेईना!” सगळे हसतात. मी तिला जवळ ओढते.

१२ मार्च

लिफ्टला घाबरून जिने चढणारी ठकी आज एमआरआयच्या बोगद्यात माझ्याआधी शिरली. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, “बांगड्या, पिना, धातूचं सगळं काढा.” ठकी म्हणाली, “माझं काढते. हिचं आतच आहे, त्याचं काय करू?” तो जराही हसला नाही.

बाहेर आली ती पांढरीफटक. “आत कुणीतरी पत्रे ठोकतंय गं! मी पाढे म्हणत पडले, तेही चुकले.”

वेडी कुठली.

१६ मार्च

फोन नाही. ठकी येता-जाता विचारते, “गंजलीस का?”

२ एप्रिल

आला फोन! माझ्या डोक्यातलं लोह इतरांपेक्षा फारसं जास्त नाही. अंगातलं रक्त कमी झालं की थकवा येतो, शब्द अडतात — एवढंच. मी तिथल्या तिथे उडी मारली!

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. “तुमच्या बहिणीला उद्याच घेऊन या. त्यांच्या स्कॅनमध्ये काहीतरी दिसलंय.”

२१ एप्रिल

ठकीच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. फुटेपर्यंत कळलंच नसतं. परवा ऑपरेशन झालं. धोका टळला.

आज चमच्याने पाणी पाजत होते, तर डोळे मिटूनच पुटपुटली — “ताई, तुला हा आजार नसता, तर मी गेले असते गं.”

आयुष्यभर या आजाराला शिव्या घातल्या. आज पहिल्यांदाच जीभ उचलली नाही.