कार्बनसाठी मनमाडपर्यंत

४ जानेवारी, रविवार
लतिका माहेरी मनमाडला जाऊन आज बारा दिवस. चारच दिवसांसाठी गेली आहे. सोबत मिक्सर नेला. तिच्या भावाचा, बाळाजीचा, बिघडला असणार.
गाडी सकाळी अडखळते. माझं निदान: हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनची काजळी. गाडी ठणठणीत करायची आणि बायकोला आणायला जायचं. तेवढंच अडलंय. पेट्रोलमध्ये क्लीनरची बाटली ओतली.

६ जानेवारी
दुसरी बाटली. फरक जाणवतो. दोनदा बंद पडली, ती थंडीमुळे.

७ जानेवारी
द्वारका चौकाजवळ निसारच्या गॅरेजात. दोन बाटल्या ओतल्याचं सांगितलं. निसार हसला. म्हणाला, साहेब, डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला शिवतच नाही, मग धुणार काय? मला माहीत होतंच. त्याची परीक्षा घेत होतो.
व्हॉल्व्ह साफ करायला गाडी ठेवली. पुन्हा कार्बन धरू नये म्हणून त्याने सांगितलं: घर ते ऑफिस दोन किलोमीटरला गाडी काढायची नाही, इंजिन तापतच नाही. रविवारी हायवेवर लांब चक्कर.

११ जानेवारी, रविवार
लांब चक्कर. सहज मनमाडपर्यंत. इंजिनसाठी. बाळाजीच्या गल्लीतून दोनदा गेलो. गॅलरीत लतिकाची निळी साडी वाळत होती. थांबलो नाही, इंजिन गार झालं असतं.

१४ जानेवारी, संक्रांत
लतिकाने फॅमिली ग्रुपवर तिळगुळाचा फोटो टाकला. ग्रुपमध्ये मी आहे, म्हणजे मलाच. खाली ‘गोड बोला’. चक्क बोला म्हणते आहे!
फोन केला. उचलला नाही. घर खायला उठतं.

१८ जानेवारी, रविवार
धुळ्यापर्यंत. मनमाडला मुद्दाम गेलो नाही. माणसाला स्वाभिमान हवा. येताना गेलो. साडी नव्हती.

२५ जानेवारी, रविवार
आज सरळ घरात गेलो. लतिकाने चहा दिला. सगळं नीट समजावलं: व्हॉल्व्ह स्वच्छ, कार्बन धरू नये म्हणून दर रविवारी लांब जावंच लागतं, गेल्या रविवारी धुळ्याला जाऊन आलो, तर चल, वणीला जाऊ.
तिने माझी कपबशी उचलली. मग म्हणाली, नऊ वर्षं दर रविवारी म्हणत होते, कुठेतरी जाऊ. तुम्ही म्हणायचात, गाडीचे किलोमीटर वाढतात. निसारने एकदा सांगितलं आणि धुळ्याला जाऊन आलात.
ती आत गेली, बाहेर आलीच नाही. बाळाजी गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, दाजी, गल्लीत चकरा मारू नका, ताईला त्रास होतो.
चांदवडच्या पुढे गाडी बाजूला घेऊन रडलो. वीस मिनिटं इंजिन नुसतं चालू. त्यानेही कार्बन धरतो.